टायट्रेशनचं रीडिंग का जुळत नाही? तयारीपासून वहीपर्यंत सगळ्या पायऱ्या, क्रमाने

टायट्रेशन म्हणजे एका सोल्युशनचं कॉन्सन्ट्रेशन, ते माहीत असलेलं दुसरं सोल्युशन वापरून, किती मिली लागले त्यावरून काढणं. त्याच्या प्रॅक्टिकलला बऱ्याच जणांचं असं होतं की पहिलं रीडिंग १०.४ येतं, दुसरं ९.६, तिसरं १०.१, तोपर्यंत वेळ संपत आलेली असते, मग शेजारच्याच्या वहीत डोकावून तीन सारखे आकडे लिहून मोकळं व्हायचं. आकडे ढापणं चूक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी होतं, कारण रीडिंग का फिरतंय हेच कोणी नीट सांगितलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की यातला मोठा गोंधळ ब्युरेटमधून (मिलीच्या खुणा आणि खाली कॉक, म्हणजे तोटी, असलेली लांब काचेची नळी) पहिला थेंब पडायच्या आधीच झालेला असतो, धुण्यात, वजनात, सोल्युशन हलवण्यात. तिथला क्रम बरोबर ठेवला की रीडिंग आपोआप जवळ येतात आणि आकडे "बसवायची" वेळ येत नाही.

इथे उदाहरणाला सगळ्यात नेहमीचा प्रयोग घेतलाय: ऑक्झॅलिक ॲसिडचं स्टँडर्ड सोल्युशन (ज्याचं कॉन्सन्ट्रेशन नेमकं माहीत आहे असं) बनवायचं आणि त्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडच्या सोल्युशनचं खरं कॉन्सन्ट्रेशन काढायचं. इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून कुठे थांबायचं ते दाखवणारा पदार्थ, फिनॉल्फ्थॅलिन: ॲसिडमध्ये रंगहीन, अल्कलीत गुलाबी. ब्युरेटमध्ये अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये ॲसिड. तुमच्या लॅबमध्ये मांडणी उलटी असेल तर रंग गुलाबीकडून रंगहीनकडे जाईल, पायऱ्या त्याच.

१. हात लावायच्या आधी

गॉगल, लॅब कोट, बंद बूट, केस बांधलेले. गॉगलचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर ॲसिडपेक्षाही वाईट, कारण ते टिश्यू विरघळवत आत आत जातं आणि सुरुवातीला दुखतंय तेवढंच वाटतं. डोळ्यात गेलंच तर लगेच नळाखाली किंवा आयवॉशखाली डोळा उघडा धरून निदान १५ ते २० मिनिटं पाणी मारायचं, ओरडून कोणाला तरी बोलवायचं आणि मग डॉक्टर. त्वचेवर पडलं की बुळबुळीत लागतं, ते जाईपर्यंत आणि त्यानंतरही भरपूर पाण्याने धुवायचं. "ॲसिड लावून न्यूट्रल करतो" हा शहाणपणा अजिबात नको.

टेबलावर हवं ते: ५० मिलीची ब्युरेट आणि स्टँड, १० मिलीची पिपेट (ठरलेलं आकारमान मोजून टाकायची नळी) आणि ती भरायचा पिपेट बल्ब, २५० मिलीचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क (बारीक मानेवर २५० मिलीची खूण असलेला), दोन-तीन कॉनिकल फ्लास्क, छोटे बीकर, फनेल, काचेची कांडी, ड्रॉपर, वॉश बॉटलमध्ये डिस्टिल्ड वॉटर, पांढरी टाइल. आणि वही. वही बॅगेत नको, टेबलावर उघडी हवी, रीडिंगचा तक्ता आधीच आखलेला हवा. चिठ्ठीवर किंवा हातावर आकडे लिहून "नंतर फेअर करू" म्हणणारे नंतर कुठला आकडा कुठल्या वेळचा हे विसरतात.

सावध: पिपेट तोंडाने ओढायची नाही. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. बल्ब सापडत नसेल तर बल्ब शोधा.

२. ऑक्झॅलिक ॲसिडचं स्टँडर्ड सोल्युशन

ऑक्झॅलिक ॲसिड का, तर ते शुद्ध मिळतं, हवेत टिकतं आणि त्याचं वजन भरवशाचं असतं. बाटलीवर डायहायड्रेट लिहिलंय का ते बघा. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) १२६.०७ धरायचा. पुष्कळ जण पाणी सोडून ९० धरतात आणि मग पूर्ण हिशोबच चुकतो.

०.०५ मोलरचं (म्हणजे लिटरमध्ये ०.०५ मोल) २५० मिली करायला १.५७६ ग्रॅम लागतं. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: वजन बरोब्बर १.५७६ च यायला हवं असं काही नाही. १.५८२ आलं तर १.५८२ लिहा आणि कॉन्सन्ट्रेशन त्यावरून काढा. काटा बरोब्बर आणायच्या नादात लोक चिमूट टाकतात, चिमूट काढतात, काढलेली परत बाटलीत टाकतात (हे तर कधीच करायचं नाही, सबंध बाटली खराब होते) आणि शेवटी काट्यावर १.५८२ दिसत असताना वहीत १.५७६ लिहितात. हे पहिलं खोटं, आणि त्याची काही गरजही नव्हती.

वजन झालं की पदार्थ बीकरमध्ये घेऊन साधारण १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण विरघळवा, एकही कण दिसता कामा नये. मग फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर, कांडी आणि फनेल थोड्या थोड्या पाण्याने तीनदा धुवा आणि ते धुतलेलं पाणी प्रत्येक वेळी फ्लास्कमध्येच जाऊ द्या, कारण बीकरला चिकटून राहिलेलं ॲसिड हे तुम्ही वजन केलेल्यातलंच आहे. नंतर खुणेच्या जरा खालपर्यंत वॉश बॉटलने भरा आणि शेवटचं ड्रॉपरने, थेंब थेंब, डोळा खुणेच्या पातळीत ठेवून, मेनिस्कसचा (द्रवाच्या वाटीसारख्या वाकलेल्या पृष्ठभागाचा) तळ खुणेला टेकेपर्यंत.

खुणेच्या वर गेलं तर? ड्रॉपरने वरचं काढून टाकणं हा उपाय नाही, त्याबरोबर ॲसिडही जातं. टाकून द्या आणि नव्याने करा. वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग नाही.

तपासा: बूच लावून, बूच बोटाने दाबून धरून फ्लास्क उलटा-सुलटा निदान १५-२० वेळा केला का? व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कची मान इतकी बारीक असते की नुसतं गोल हलवून वरचं पाणी खाली मिसळतच नाही. रीडिंग कारण नसताना वरखाली होत असतील तर मी आधी हेच विचारेन. पहिल्या पिपेटमध्ये एक कॉन्सन्ट्रेशन, तिसऱ्यात दुसरं, मग रीडिंग जुळणार कशी?

३. सोडियम हायड्रॉक्साइडचं सोल्युशन

इथे उलट आहे, वजनावर विसंबता येत नाही. पेलेट्स हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात, काट्यावर ठेवल्या ठेवल्या ओल्या दिसायला लागतात. म्हणून साधारण ०.१ मोलरसाठी ५०० मिलीला २ ग्रॅमच्या आसपास घ्यायचं, "अंदाजे ०.१" असंच लेबल लावायचं, आणि खरा आकडा टायट्रेशनने काढायचा. प्रयोग त्यासाठीच तर आहे.

पेलेट्स स्पॅच्युलाने, छोट्या बीकरमध्ये, पटकन. कागदावर नको, चिकटतात. बोटांनी तर नकोच. पाण्यात पेलेट्स टाकायच्या, थोड्या थोड्या, हलवत. सोल्युशन गरम होतं, ते गार होऊ द्या आणि मगच पुढे वापरा. पाणी आधी उकळून गार केलेलं असेल तर उत्तम, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. ठेवायचं ते प्लॅस्टिकच्या बाटलीत, काचेचं बूच असलेल्या बाटलीत ठेवलं तर काही दिवसांनी बूच निघत नाही.

४. कुठलं भांडं कशाने धुवायचं

सगळ्यात जास्त गडबड या पायरीला होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

ब्युरेट: आधी डिस्टिल्ड वॉटर, मग जे भरणार त्याच सोल्युशनने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने, ५-५ मिली घेऊन दोन-तीनदा. ब्युरेट आडवी फिरवून आतून सगळीकडे ओली करा आणि काही भाग नळीच्या तोंडातून सोडा, कॉकच्या खालचा भागही धुतला गेला पाहिजे.

पिपेट: आधी पाणी, मग ऑक्झॅलिक ॲसिडने दोनदा. यासाठी ॲसिड छोट्या बीकरमध्ये वेगळं काढून घ्या, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये थेट पिपेट घालू नका.

कॉनिकल फ्लास्क: फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिडने नाही. आतून ओला राहिला तरी चालतो.

फरक कशामुळे? ब्युरेट आणि पिपेट आकारमान मोजतात, त्यात पाण्याचे थेंब राहिले तर मोजलेल्या १० मिलीमध्ये सोल्युशन पातळ होतं. फ्लास्क काही मोजत नाही. त्यात पिपेटने मोजून टाकलेलं ॲसिड तेवढंच राहतं, मग त्यात २० मिली पाणी असो की ५०, लागणारी अल्कली तेवढीच. पण फ्लास्क ॲसिडने धुतला तर भिंतीला राहिलेलं ॲसिड जास्तीचं धरलं जातं, आणि दर वेळी वेगवेगळं राहतं.

५. ब्युरेट भरणं

ब्युरेट स्टँडवरून खाली घ्या किंवा स्टँडच खाली ठेवा, म्हणजे तोंड डोळ्यांच्या खाली येईल. डोक्याच्या वर हात करून अल्कली ओतणारी मुलं बघितली की खरंच भीती वाटते. फनेल लावा, शून्याच्या वरपर्यंत भरा, फनेल काढा. फनेल तसाच राहिला तर टायट्रेशन चालू असताना त्यातून एखादा थेंब ब्युरेटमध्ये पडतो, पातळी वर येते आणि तुम्ही सोडलंय त्यापेक्षा रीडिंग कमी दिसतं.

मग कॉकच्या खालची नळी बघा. तिथे हवेचा बुडबुडा असतो, बहुतेक वेळा असतोच. कॉक एकदम पूर्ण उघडून जोरात थोडं सोडा, बुडबुडा निघतो. तो राहिला आणि मध्येच निघाला तर त्याची जागा भरायला गेलेलं सोल्युशन फ्लास्कमध्ये न पडताच तुमच्या रीडिंगमध्ये मोजलं जातं.

आता पातळी शून्यावर किंवा शून्याच्या खाली कुठेही आणा. शून्यच पाहिजे असा नियम नाही, ०.३५ असेल तर सुरुवातीचं रीडिंग ०.३५ लिहा. नळीच्या टोकाला लटकलेला थेंब बीकरच्या काठाला टेकवून काढून टाका.

वाचताना तीन गोष्टी. डोळा मेनिस्कसच्या पातळीत. मेनिस्कसच्या तळाचं वाचन, मागे पांढरा कागद धरला की तळ स्वच्छ दिसतो. आणि ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, हे लक्षात ठेवून वाचा, नाहीतर १२.४ चं १३.६ होतं. ०.१ मिलीच्या खुणा असतात, मधलं अंतर डोळ्याने भागून ०.०५ पर्यंत वाचता येतं. म्हणून वहीत ९.८५, ९.९० असं लिहायचं, नुसतं ९.९ नाही.

६. पिपेट

बल्बने खुणेच्या वर ओढा, बाहेरून टिश्यूने पुसा, मग सावकाश सोडत मेनिस्कस खुणेला आणा. फ्लास्कमध्ये सोडताना टोक आतल्या भिंतीला टेकवून आपोआप वाहू द्या, संपल्यावर दोन-तीन सेकंद तसंच धरा, आणि बास. टोकात जो थोडासा राहतो तो फुंकून काढायचा नाही. साधी एका खुणेची पिपेट बनवतानाच तो राहणार हे धरून खूण केलेली असते. फुंकला तर ॲसिड जास्त पडतं, आणि एकदा फुंकला एकदा नाही असं केलं तर रीडिंग कधीच जुळणार नाहीत.

फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे २-३ थेंब. जास्त नको, इंडिकेटर स्वतःच एक सौम्य ॲसिड आहे. आणि प्रत्येक वेळी तेवढेच थेंब.

तपासा, पुढे जायच्या आधी: फनेल काढला? बुडबुडा गेला? सुरुवातीचं रीडिंग वहीत लिहिलं? इंडिकेटर टाकला? (हा शेवटचा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण इंडिकेटर न टाकता ३० मिली सोडणारे असतात.)

७. प्रत्यक्ष टायट्रेशन

फ्लास्क पांढऱ्या टाइलवर. डाव्या हाताने ब्युरेटला विळखा घालून कॉक, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचा. सुरुवातीला अवघड वाटतं, सवय झाली की कॉकवर फार छान ताबा येतो.

पहिलं टायट्रेशन रफ. भराभर करा, फक्त कुठल्या आकड्याच्या आसपास रंग बदलतो ते कळायला हवं. समजा १०.४ ला गडद गुलाबी झालं.

दुसऱ्या वेळी साधारण ९ मिलीपर्यंत बिनधास्त सोडा, मग हात आखडता घ्या. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि फिरवल्यावर जातो. ढग जायला वेळ लागायला लागला की समजायचं जवळ आलो. इथे थांबा, फ्लास्कच्या आतल्या भिंती वॉश बॉटलने धुवून खाली घ्या, वर उडालेलं ॲसिडही अभिक्रियेत आलं पाहिजे. मग एकेक थेंब, प्रत्येकानंतर फिरवायचं. अगदी शेवटी अर्धा थेंब: कॉक किंचित उघडून थेंब टोकाला लटकू द्या, पडू देऊ नका, फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवा आणि पाण्याने धुवून खाली घ्या. एक थेंब साधारण ०.०५ मिली असतो, म्हणजे एका थेंबाने रीडिंग अर्ध्या घराने सरकतं.

एंड पॉइंट म्हणजे फिकट, अगदी फिकट गुलाबी, टाइलवर बघितल्यावर जेमतेम दिसणारा, आणि साधारण अर्धा मिनिट टिकणारा. गडद गुलाबी दिसायला सुंदर असतो पण तो पुढे गेलेला असतो.

सावध: दोन-तीन मिनिटांनी तोच गुलाबी उडून जातो. घाबरू नका आणि आणखी थेंब टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सोल्युशनचा पीएच खाली येतो आणि फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ च्या खाली रंगहीन असतं. अर्धा मिनिट टिकला होता ना, मग एंड पॉइंट झाला.

०.१ मिलीच्या आत बसणारी निदान दोन, जमल्यास तीन रीडिंग येईपर्यंत परत करा.

८. वही

पेनने लिहा. पेन्सिल नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि दोन शब्दांत कारण. सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग आणि फरक, तिन्ही. नुसता फरक लिहिला तर वजाबाकी चुकली का वाचन चुकलं हे नंतर शोधता येत नाही.

रफ रीडिंगही वहीत राहतं, "रफ" असं लिहून, सरासरीत मात्र घेत नाहीत.

एखादं रीडिंग वगळायचं असेल तर? वगळता येतं, पण कारण त्या वेळी दिसलेलं हवं. "कॉक गळत होता", "एंड पॉइंट पुढे गेला, गडद गुलाबी", "बुडबुडा मध्येच निघाला" हे लिहून रेघ मारा. "बाकीच्यांशी जुळत नाही" हे कारण नाही. तसं असेल तर ते ठेवा आणि अजून दोन टायट्रेशन करा. फार तर २० मिनिटं जातात.

न केलेलं रीडिंग लिहिणं म्हणजे फॅब्रिकेशन, केलेलं बदलणं म्हणजे फॉल्सिफिकेशन, दुसऱ्याचं आपलं म्हणून दाखवणं म्हणजे प्लेजियरिझम. मोठमोठ्या रिसर्चमध्ये याच तीन गोष्टींवरून पेपर मागे घ्यावे लागतात, आणि सवय लागते ती ९.६ चं ९.९ करण्यापासून. जोडीने प्रयोग केला असेल तर आकडे सारखेच असणार, त्यात काही गैर नाही, फक्त "जोडीने केला" असं लिहा आणि ब्युरेट कोणी वाचली तेही. शेजारच्या टेबलावरचा मित्र अडकला असेल तर त्याला आकडा देऊ नका, त्याच्या ब्युरेटचा बुडबुडा दाखवा, खरी मदत ती.

९. हिशोब

समजा वजन १.५८२ ग्रॅम होतं. भागिले १२६.०७, म्हणजे ०.०१२५५ मोल, २५० मिलीमध्ये, म्हणून ०.०५०२ मोलर. रीडिंग ९.८५, ९.९०, ९.८५, सरासरी ९.८७.

एका मोल ऑक्झॅलिक ॲसिडला दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, हे दोन विसरलात की उत्तर निम्मं येतं. म्हणून २ × ०.०५०२ × १०.०० ÷ ९.८७ = ०.१०१७ मोलर. ४० ने गुणलं की लिटरला ४.०७ ग्रॅम.

कॅल्क्युलेटर ०.१०१७२२३९ दाखवेल. ते सगळं उतरवू नका. तुमची ब्युरेट ०.०५ पर्यंतच वाचता येते, मग आठ अंक लिहिणं म्हणजे जे मोजलंच नाही ते मोजलं म्हणणं झालं. मी तर सरळ ०.१०२ लिहीन.

१०. तरीही जुळत नसेल तर

आधी दोन प्रकार वेगळे करा. रीडिंग एकमेकांशी जुळत नाहीत, की एकमेकांशी जुळतात पण उत्तर अपेक्षेपेक्षा लांब आहे?

पहिल्या प्रकारात फ्लास्क नीट उलटा-सुलटा केला नव्हता, पिपेट कधी फुंकली कधी नाही, एंड पॉइंट कधी फिकट कधी गडद, किंवा कॉक गळतोय. कॉकची परीक्षा सोपी: भरलेली ब्युरेट बंद करून पाच मिनिटं ठेवा, पातळी हलली का बघा.

दुसऱ्या प्रकारात दिशा बघा. सगळी रीडिंग जास्त येत असतील तर ब्युरेट फक्त पाण्याने धुतली गेली असेल, फ्लास्क ॲसिडने धुतला असेल किंवा दर वेळी गडद गुलाबीपर्यंत जात असाल. सगळी कमी असतील तर पिपेटमध्ये पाणी राहिलं होतं किंवा बीकर धुतलेलं पाणी व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घातलं नाही, त्यामुळे ॲसिडच कमी पडलं.

आणि कधी कधी उत्तरात काहीच चूक नसते. सोडियम हायड्रॉक्साइड "अंदाजे ०.१" होतं, ते ०.०९३ निघालं तर ते ०.०९३ च आहे, पेलेट्सनी ओलावा घेतला असणार. उत्तर ०.१ यायला हवं म्हणून मागून रीडिंग काढत बसू नका. सगळं तपासूनही कारण सापडलं नाही तर रिपोर्टमध्ये तसंच लिहा: रीडिंग अशी आली, हे हे तपासलं, कारण कळलं नाही. चांगला तपासणारा अशा रिपोर्टला मार्क कापत नाही, आणि कापले तरी वही खरी राहते.

११. आवराआवर

ब्युरेट लगेच रिकामी करा आणि भरपूर पाण्याने धुवा, कॉकमधूनही पाणी सोडा. अल्कली तशीच राहिली की काच खाते आणि काचेचा कॉक असेल तर जाम बसतो. उरलेलं सोल्युशन मूळ बाटलीत परत ओतायचं नाही. टायट्रेशन झालेलं फ्लास्कमधलं आणि उरलेलं ॲसिड-अल्कली कुठे टाकायचं ते तुमच्या लॅबच्या नियमाप्रमाणे, विचारून. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमधलं ॲसिड ठेवणार असाल तर बाटलीत काढा आणि लेबलवर नाव, काढलेलं कॉन्सन्ट्रेशन, तारीख आणि तुमचं नाव लिहा. मग टेबल ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, आणि गॉगल सगळ्यात शेवटी काढा, कारण शेजारच्या टेबलावर अजून कोणीतरी ब्युरेट भरत असतं.